अतिदूरच्या दीर्घिकेच्या चित्राखाली नेमके काय लिहावे?

वेधा
नमस्कार. आमच्या कर्वेनगरच्या वाचनालयात २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खगोलशास्त्रावरचे आठ फलक लागणार आहेत आणि त्यांतला शेवटचा मी हौसेने मागून घेतला आहे. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने अश्मंत तारकासमूहाच्या दिशेला टिपलेली ‘जेड्स-जीएस-झेड१४-०’ ही दीर्घिका हा त्याचा विषय. चित्रात हजारो दीर्घिका विखुरलेल्या आहेत आणि जिच्यासाठी हा सारा खटाटोप, ती मात्र एवढासा लालसर ठिपका आहे.

काल छापखान्यातून नमुनाप्रत आली. मी भिंग घेऊन बसले, पण ठिपका काही सापडेना. फोन केला तेव्हा तिथल्या मुलाने अगदी आपुलकीने सांगितले, “ताई, चित्रावर फार बारीक बारीक डाग होते, ते मी साफ करून दिलेत.” त्याच्यावर रागवावेसे वाटले नाही. तो डाग नसून विश्व जेमतेम ३० कोटी वर्षांचे असतानाची एक दीर्घिका आहे, हे त्याला कळावे असे त्या फलकावर मी काही लिहिलेलेच नव्हते.

चित्राखाली सात-आठ ओळींची जागा आहे. हा ठिपका म्हणजे दीर्घिकाच कशावरून, तिचा रंग खरा आहे का आणि ती किती दूर आहे, हे चौथीतल्या मुलाला आणि सत्तरीतल्या आजोबांना सारखेच कळेल असे लिहायचे आहे. जाणकारांनी कृपया मदत करावी.

जुनी_फिल्म
वेधाताई, त्या मुलाची बाजू मी घेतो. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका स्टुडिओत मी तीस वर्षे काम केले आणि त्यांतली पहिली पाच वर्षे केवळ ठिपके बुजवण्यात गेली. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की प्रिंटवर पांढरा ठिपका उमटतो. तो शून्य नंबरच्या ब्रशने, शाईचा हात अगदी हलका ठेवून, आजूबाजूच्या छटेत मिसळून टाकायचा असतो. नवरीच्या काळ्या केसांवर असा एक ठिपका राहिला तरी गिऱ्हाईक प्रिंट परत करीत असे. तेव्हा काळ्या पार्श्वभूमीवरचे ठिपके पुसणे हा आमच्या धंद्यातला संस्कार आहे.

यातूनच माझे दोन प्रश्न निघतात. धूळ कोणती आणि दीर्घिका कोणती, हे शास्त्रज्ञ कसे ठरवतात? आणि अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही, तर चित्रातला लाल रंग कोणी भरला? रंग भरलेला असेल, तर फलकावर तसे स्पष्ट लिहावे असे माझे मत आहे.

मृगशीर्ष
पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. वेब दुर्बिणीच्या कॅमेऱ्यावरही ‘धूळ’ बसते, फक्त ती विश्वकिरणांची असते. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर अंतरावर वातावरणाचे छत्र नसल्यामुळे वेगवान कण संवेदकावर सतत आदळत राहतात, त्यांचे ओरखडे आणि डाग उमटतात, शिवाय संवेदकाचे काही बिंदू मुळातच बिघडलेले असतात. म्हणून एकच लांबलचक चित्र कधी घेत नाहीत. अनेक चित्रे घेतात आणि प्रत्येक वेळी दुर्बीण अगदी किंचित सरकवतात. दुर्बीण सरकली की खऱ्या दीर्घिकेची प्रतिमा संवेदकावरच्या दुसऱ्या बिंदूंवर पडते, बिघडलेला बिंदू मात्र जागचा हलत नाही आणि विश्वकिरणाचा डाग पुढच्या चित्रात नसतोच. सगळी चित्रे आकाशातल्या स्थानांनुसार एकमेकांवर नीट बसवली, की जे प्रत्येक चित्रात आकाशाच्या त्याच जागी सापडते तेवढेच उरते.

ही रीत हबलपासूनची आहे. डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बिणीने सप्तर्षींमधल्या जवळजवळ रिकाम्या दिसणाऱ्या तुकड्याकडे दहा दिवस पाहिले. त्यासाठी ३४२ चित्रे घेतली आणि त्यांतून सुमारे तीन हजार दीर्घिका बाहेर आल्या.

सावकाश
म्हणजे जुन्या_फिल्म काकांचा ब्रश इथे गणित चालवते, एवढाच फरक. पण काका अंदाजाने पुसत असत आणि इथे प्रत्येक ठिपक्याला बाजू मांडायची संधी मिळते, हे मला फार आवडले.

मृगशीर्ष
आता रंगाकडे येतो. माणसाच्या डोळ्याला साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश दिसतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वेबचा मुख्य कॅमेरा ०.६ ते ५ मायक्रॉनपर्यंतचा प्रकाश टिपतो आणि तोही कृष्णधवलच, एकेका गाळणीतून, म्हणजे ठरावीक तरंगांचाच प्रकाश आत सोडणाऱ्या फिल्टरमधून. मग सर्वांत आखूड तरंगांच्या चित्राला निळा, मधल्यांना हिरवा आणि सर्वांत लांब तरंगांच्या चित्राला लाल रंग देऊन ती एकत्र करतात. गायिका काळी एकमध्ये गायलेले पद काळी पाचमध्ये गाते, तेव्हा स्वरांची जागा बदलते पण चाल बदलत नाही. इथेही सगळा वर्णपट आपल्या डोळ्यांच्या पट्टीत आणून बसवलेला असतो. चित्रात जी दीर्घिका जास्त लाल, तिचा प्रकाश खरोखरच जास्त लांब तरंगांचा असतो, म्हणून ‘भरलेला रंग’ हा शब्द मला अन्यायाचा वाटतो.

जुनी_फिल्म
पट्टीचा दाखला पटला, पण माझा आग्रह मी सोडत नाही. गायिकेने पट्टी बदलली तर पेटीवाल्याला ती आधी सांगावीच लागते. प्रेक्षक इथे पेटीवाल्याच्या जागी आहे. कोणत्या तरंगांना कोणता रंग दिला हे फलकावर लिहिले नाही, तर दहापैकी नऊ जण असेच समजतील की यानात बसून खिडकीतून पाहिले असते तर ही दीर्घिका अशीच लाल दिसली असती.

वेधा
काकांचे म्हणणे मला मान्य आहे. रंगांसाठी एक पूर्ण वाक्य राखून ठेवते.

लघुलेखिका
शब्दांविषयी दोन गोष्टी सुचवते. एक, ‘छायाचित्र’ न लिहिता ‘प्रतिमा’ लिहावे, कारण अनेक गाळण्यांतली अनेक चित्रे एकत्र करून ही तयार झाली आहे. दोन, ‘ताम्रसृती’ हा शब्द वापरला तर त्याची फोड त्याच वाक्यात करावी. वर्णपटातल्या रेषांचे तांबड्या बाजूला सरकणे हा अर्थ त्या शब्दातच किती छान बसला आहे, पण आमच्या वाचनालयातही मुलांना तो आधी सांगावा लागतो.

खोडदची_वाट
विद्यार्थी असताना नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांच्या सावलीत, काही महिने काढले आहेत, त्यामुळे ताम्रसृती हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. थोडे सविस्तर लिहितो.

दीर्घिकेतल्या तरुण, अतितप्त ताऱ्यांचा प्रकाश प्रामुख्याने अतिनील असतो. तो आपल्याकडे येत असताना विश्व प्रसरण पावत राहते आणि प्रकाशाचे तरंगही त्याबरोबर ताणले जातात. ज्या दीर्घिकेची ताम्रसृती १४ आहे, तिचे तरंग १५ पट ताणले गेलेले असतात. आता हायड्रोजनची ०.१२१६ मायक्रॉनची खूण घ्या. त्या काळात दीर्घिकांच्या मधली जागा उदासीन हायड्रोजनने भरलेली होती आणि तो या खुणेपेक्षा आखूड तरंगांचा प्रकाश जवळजवळ पूर्ण गिळून टाकत असे. आपल्या दीर्घिकेचे तरंग नेमके साधारण १५.२ पट ताणले गेले आहेत, म्हणून ०.१२१६ ला १५.२ ने गुणले तर साधारण १.८५ मायक्रॉन येतात. म्हणजे ही दीर्घिका १.८५ मायक्रॉनपेक्षा लांब तरंगांच्या गाळण्यांत दिसली पाहिजे आणि आखूड तरंगांच्या गाळण्यांत पूर्ण गायब झाली पाहिजे. हबलची नजर सुमारे १.७ मायक्रॉनपाशी संपते. आकाशाच्या याच भागाकडे हबलने वर्षानुवर्षे पाहिले, तरी ही दीर्घिका त्याला दिसणे शक्यच नव्हते.

वेबने मात्र त्या पलीकडे जाण्यासाठी केवढी तयारी केली आहे! आपण तवा गॅसवरून उतरवतो तेव्हा तो लाल नसतो, पण हात जवळ नेला की आच लागते, ती आच म्हणजेच अवरक्त प्रकाश. दुर्बीण स्वतः उबदार असेल तर ती स्वतःच्याच उजेडात आंधळी होईल. म्हणून टेनिसच्या मैदानाएवढे पाच पदरी छत सूर्याच्या बाजूला धरले आहे. छताची सूर्याकडची बाजू सुमारे ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापते, तर आरशाकडची बाजू उणे २३० अंशांच्याही खाली राहते. शिवाय लांब तरंगांना तितकीच सुबक प्रतिमा हवी असेल तर आरसा मोठा लागतो. हबलचा आरसा २.४ मीटरचा, तर वेबचा १८ षटकोनी तुकडे जुळवून केलेला, ६.५ मीटरचा आहे. तुकडे बेरिलियमचे आहेत आणि त्यांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा आहे, कारण सोने अवरक्त प्रकाश उत्तम परावर्तित करते.

नववीची_आई
खोडदची_वाट यांनी सांगितलेली ‘गायब होण्याची’ गोष्ट आमच्या घरी प्रत्यक्ष पाहिली आहे, म्हणून लिहिते. वेबची बरीच निरीक्षणे सर्वांसाठी खुली आहेत. माझ्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीत याच भागाच्या फाइली उतरवून घेतल्या. पहिली फाइल उघडली तर पडदा पूर्ण काळा, फक्त दोन-चार पांढरे टिंब. मला वाटले की उतरवताना बिघडली. मग त्याने उजळपणाची पट्टी हळूहळू सरकवत नेली आणि पावसाळ्यात खिडकीच्या काचेवर एकेक थेंब दिसू लागावा तसे काळ्यातून ठिपके वर येत गेले. त्यानंतर दीड मायक्रॉनच्या आणि पावणेतीन मायक्रॉनच्या गाळणीची चित्रे एकाच जागेवर आणून तो आळीपाळीने दाखवू लागला. एकात तिथे शेजारची मोठी दीर्घिका आणि तिच्या कुशीला नुसता काळोख होता, दुसऱ्यात त्याच काळोखात फिकट ठिपका उमटला. दिसतो, नाही, दिसतो, नाही. स्वयंपाक तसाच ठेवून मी पंधरा मिनिटे ती उघडझाप पाहत उभी होते.

वेधाताई, फलकावर जागा असेल तर ही दोन्ही चौकोनी चित्रे शेजारी शेजारी लावा. चौथीतल्या मुलाला त्याखाली वाक्याची गरज पडणार नाही.

वेधा
हे फारच सुंदर सुचवलेत. मुख्य प्रतिमा थोडी लहान करून ही दोन चित्रे नक्की बसवते.

अंकगणित
एक धोक्याची सूचना. एका गाळणीत दिसते आणि दुसरीत नाही, एवढ्यावर अंतर पक्के होत नाही. २०२२ मध्ये ‘सीअर्स-९३३१६’ नावाची दीर्घिका अशाच पुराव्यावर ताम्रसृती १६ च्या आसपासची मानली गेली होती. पुढच्या वर्षी तिचा वर्णपट घेतला तेव्हा ताम्रसृती निघाली केवळ ४.९. धुळीने लाल झालेली आणि विशिष्ट वायूंच्या प्रखर रेषा असलेली जवळची दीर्घिकाही गाळण्यांमधून दूरच्या दीर्घिकेसारखी दिसू शकते. तेव्हा ‘चित्रावरून अंतर कळले’ असे फलकावर कृपया लिहू नये.

खोडदची_वाट
अगदी योग्य सूचना आहे, आणि या दीर्घिकेबाबत ती शंका आधीच घेतली गेली होती. नववीच्या आईंनी पाहिलेली शेजारीण पुष्कळ जवळची आहे आणि आपल्याला केवळ एकाच दिशेला दिसते म्हणून शेजारीण. तिच्या इतक्या लगतचा, शिवाय अपेक्षेपेक्षा बराच तेजस्वी ठिपका एवढ्या दूरचा असेल यावर शोधणाऱ्यांचाही सहजी विश्वास बसला नव्हता. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये वेबच्या वर्णपटमापकाने जवळजवळ दहा तास तिचा प्रकाश गोळा केला. त्या उपकरणात सुमारे अडीच लाख सूक्ष्म झडपा आहेत. हव्या त्या दीर्घिकांसमोरच्या उघडायच्या आणि बाकीच्या मिटलेल्या ठेवायच्या, म्हणजे शेजारच्या उजेडाची भेसळ होत नाही. वर्णपटात ठरल्या जागी, जिथे हायड्रोजनमुळे प्रकाश एकदम तुटतो ती कडा मिळाली आणि ताम्रसृती सुमारे १४.३ ठरली. पुढे २०२५ मध्ये चिलीतल्या आल्मा रेडिओ दुर्बिणींनी तिच्यात ऑक्सिजनची रेषा शोधली, तेव्हा हा आकडा आणखी नेमका, १४.१८ असा झाला. विश्वाच्या इतक्या बालवयात ऑक्सिजन असणे म्हणजे त्याआधी ताऱ्यांची निदान एक पिढी जन्मून, जळून संपली होती.

आमच्या रेडिओवाल्यांच्या वाट्याला काय येते, तेही सांगतो. हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेडिओ लहर त्याच काळातून निघाली असेल तर ताणून तीन मीटरच्या पुढे जाते, म्हणजे कंप्रता सुमारे ९३ मेगाहर्ट्झ येते, नेमकी एफएम वाहिन्यांच्या पट्ट्यात. जीएमआरटीचा सध्याचा पट्टा त्याच्या वरच्या बाजूला सुरू होतो. शहरात रेडिओवर सकाळची गाणी जिथे लागतात, तिथेच विश्वाच्या पहाटेचा आवाज दडलेला आहे, हे आठवले की मला आजही अस्वस्थ व्हायला होते.

गणेशखिंड
माझे मत थोडे वेगळे आहे. पुण्यातल्या प्रदर्शनात पुण्यात लागलेला शोध असावा. एनसीआरए या इथल्या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्याच निरीक्षणांतून ‘अलकनंदा’ ही सर्पिल दीर्घिका शोधली. महास्फोटानंतर सुमारे १५० कोटी वर्षांनी तिचे दोन फाटे व्यवस्थित वळलेले दिसतात. इतक्या लवकर अशी नीटनेटकी सर्पिल रचना तयार होईल ही अपेक्षा नव्हती. अबेल २७४४ हा दीर्घिकासमूह तिच्या अलीकडे असल्याने त्याच्या गुरुत्वाकर्षणाचे भिंग होऊन तिची प्रतिमा उजळली. आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, म्हणून तिच्या या दूरच्या बहिणीला हिमालयातल्या दुसऱ्या नदीचे नाव दिले आहे. ठिपक्यापेक्षा हे चित्र प्रेक्षकाला अधिक भावेल.

वेधा
अलकनंदेवर माझेही मन बसले आहे आणि सातवा फलक ज्यांच्याकडे आहे त्यांना मी ती आजच सुचवते. माझा फलक मात्र ठिपक्याचाच राहू दे. ज्यात पाहण्यासारखे काही नाही असे वाटते, त्यासमोर लोकांनी थांबावे, एवढ्यासाठीच मी तो मागून घेतला होता.

अंतराचा प्रश्न अजून शिल्लक आहे. मी ‘१,३५० कोटी प्रकाशवर्षे दूर’ असे लिहिणार होते. चालेल का?

अंकगणित
प्रकाशाचा प्रवास सुमारे १,३५० कोटी वर्षांचा आहे हे बरोबर आहे, पण तेच आजचे अंतर नव्हे. प्रकाश निघाला तेव्हा ती दीर्घिका आपल्या जागेपासून केवळ सुमारे २२० कोटी प्रकाशवर्षे दूर होती. मधली जागा वाढत गेली आणि आज तेच अंतर ३,३०० कोटी प्रकाशवर्षांच्या पुढे गेले आहे. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत आणि म्हणूनच नुसते ‘दूर’ म्हटल्याने गोंधळ होतो.

सावकाश
मग ‘दूर’ हा शब्दच गाळून ‘इतकी वर्षे प्रवास करून आला’ असे लिहावे. आजोबांना प्रवास समजतो.

मृगशीर्ष
सावकाश यांच्याशी पूर्ण सहमत. आणखी एक भर घालतो. फेब्रुवारीअखेरीस अंधार पडल्यावर मृग नक्षत्राच्या नैऋत्येला, वैतरणीच्या वळणात, अश्मंत असतो. तारे मंद असल्याने कर्वेनगरातून काही दिसणार नाही, पण त्या रात्री मुलांना गच्चीवर नेऊन बोटाने दिशा तरी दाखवता येईल.

वेधा
सर्वांच्या सूचना घेऊन मजकूर तयार केला आहे:

“बाणाने दाखवलेला लालसर ठिपका ही आजवर सापडलेली सर्वांत दूरची दीर्घिका आहे. विश्वाचे वय सुमारे ३० कोटी वर्षे असताना तिच्यापासून निघालेला प्रकाश सुमारे १,३५० कोटी वर्षे प्रवास करून जेम्स वेब दुर्बिणीपर्यंत पोहोचला. वाटेत विश्व प्रसरण पावत राहिल्याने त्याचे तरंग १५ पट ताणले गेले आणि अतिनील प्रकाश अवरक्त झाला. डोळ्यांना न दिसणारा तो प्रकाश दिसावा म्हणून प्रतिमेत आखूड तरंगांना निळा, मधल्यांना हिरवा आणि लांब तरंगांना लाल रंग दिला आहे. खालच्या दोन चित्रांपैकी डावीकडच्या चित्रात ती दिसत नाही, कारण त्या तरंगांचा तिचा प्रकाश हायड्रोजनने वाटेतच शोषला. वर्णपट घेऊन हे सर्व पडताळले आहे.”

अंकगणित
‘सर्वांत दूरची’ काढा. ‘मॉम-झेड१४’ या दीर्घिकेची ताम्रसृती १४.४४ मोजली गेली आहे. ‘सर्वांत दूरच्या दीर्घिकांपैकी एक’ असे लिहिलेत तर उद्या नवी सापडली तरी फलक खोटा ठरणार नाही.

वेधा
बदलले. छापखान्याच्या फाइलवर वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: ‘चित्रावरचा एकही ठिपका पुसू नये.’

जुनी_फिल्म
चिठ्ठीवर विसंबू नका. मी उद्या अकरा वाजता स्वतः छापखान्यात जाऊन बसतो. माझे प्रिंट तपासायचे भिंग अजून शाबूत आहे.

जुनी_फिल्म
दुपारी जाऊन आलो. पहिली प्रत जरा काळी आली, म्हणून उजळपणा दोनदा वाढवून घेतला. नववीच्या आईंची दोन्ही चित्रे त्या मुलाला आळीपाळीने पडद्यावर दाखवली. मग त्याने स्वतःहून, न सांगता, कागदाचा प्रकार बदलून तिसरी प्रत काढली. ठिपका आला आहे. शेजारची दीर्घिकाही आहे, आणि भिंगातून पाहिले तर दोघींमधली काळी फटही स्वच्छ छापून आली आहे. प्रत गुंडाळून ठेवली आहे. वेधाताई, उद्या सहानंतर वाचनालयात आणून देतो.